भानुमतीचं अत्तर

"आणा आता भानुमती," मुळगुंदसर म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले.

बाटली माझ्या हातातच होती. अंगठ्याएवढी, काळपट तेलानं गळ्यापर्यंत भरलेली. पण मला ती पुढे करवेना. दुकानाच्या मागच्या भागातून, पडद्याआडून, काचेवर काच लागल्याचा आवाज आला होता, आणि तिथं त्या दिवशी कोणीही असायला नको होतं.

कोण आहे ते मला न बघताही कळलं. द्वारकामावशीला मी आदल्या संध्याकाळी चारचारदा बजावलं होतं की उद्या येऊ नकोस, उद्या दुकान बंद आहे. ती बरं म्हणाली होती. मागच्या दाराची किल्ली चाळीस वर्षं तिच्याच कमरेला होती, हे मी साफ विसरले होते.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं अत्तराचं दुकान मिरजेत, दर्ग्याच्या वाटेवर. अब्बांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि दुकान मी एकटी बघत होते. लोक फवाऱ्याच्या बाटल्या घ्यायला लागले होते; ईद आणि लग्नसराई सोडली तर मी आणि माशा. अशात पुण्याहून कुंभोजकर नावाच्या प्रकाशकांचं पत्र आलं. अच्युत मुळगुंदांच्या 'निळं दूध' या कादंबरीला चाळीस वर्षं होत होती. नवी देखणी आवृत्ती काढायची आणि सोबत एक लाकडी पेटी द्यायची, पेटीत कादंबरीतल्या पाच माणसांची पाच अत्तरं. कादंबरी मिरजेची, तर अत्तरंही मिरजेचीच हवीत. पुस्तक नाकानंही वाचता येतं, असं कुंभोजकरांनी लिहिलं होतं. मी मनात म्हटलं, वाचा बापडे.

'निळं दूध' मिरजेत ठाऊक नाही असं घर नव्हतं. भानुमती नावाची देखणी बाई आजारी नवऱ्याला रोज रात्री दुधातून थोडं थोडं विष देते आणि माडीवरचा भाडेकरू ते बघत असतो, एवढी गोष्ट. भाडेकरू म्हणजे स्वतः मुळगुंद. ते त्या काळी इथल्या एका शाळेत मास्तर होते आणि रामलिंग कासारांच्या माडीवर राहत होते. रामलिंग काविळीनं गेला. मागे राहिली बावीस वर्षांची बायको आणि कडेवरची पोर. कुणी तक्रार केली नाही, कुणाच्या मनातही काही आलं नाही. मग चार वर्षांनी कादंबरी आली. तिच्यात गल्ली तीच, जिना तोच, बाईच्या हनुवटीवरचं गोंदणही तेच.

ती बाई म्हणजे आमची द्वारकामावशी.

कादंबरी आल्यावर तिच्या हातचं पाणी कुणी पिईना. स्वयंपाकाचं काम मिळेना, भांड्यांचंही मिळेना. अब्बांनी तिला दुकानात बाटल्या धुवायला ठेवलं. घरची माणसं कुरकुरली तेव्हा अब्बा म्हणाले, अत्तर काही कुणी पीत नाही. माझी आई मी दोन वर्षांची असताना गेली, त्यानंतर मला न्हाऊमाखू घालणारी, भरवणारी हीच. तिच्या लेकीची, शकूची, दोन ठरलेली स्थळं त्या पुस्तकापायी मोडली. शेवटी जिथं मराठी पुस्तकं कुणी वाचत नाही असं हुबळीपलीकडचं गाव शोधून अब्बांनी तिचं लग्न लावून दिलं.

हे सगळं ठाऊक असून मी ते काम घेतलं. दुकान जगवायचं होतं हे खरं, पण तेवढंच खरं नाही. जन्मभर मी गुलाब, मोगरा आणि हिना विकत आले होते. काळं, गुंतागुंतीचं, एकाच माणसाचं म्हणावं असं अत्तर कर, असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. मला ते करायचं होतं. पुस्तक ते पुस्तक, अशी मी माझी समजूत घातली आणि मावशीला सांगितलं की पुण्याची मोठी ऑर्डर आहे.

चार माणसं लवकर जमली. भानुमती तेवढी अडली. दोनदा पाठवली, दोनदा परत आली. सोबत सरांची चिठ्ठी, 'अजून काळी हवी.' मग मी हट्टालाच पेटले. तीन महिने तिच्यामागे होते. शमामा हा जड मसाल्याचा अर्क घातला, जटामांसी, नागरमोथा, लोबान, वर केवड्याची धार आणि तळाशी बिब्ब्याचा धूर. शेवटची बाटली उघडली तेव्हा माझ्याच घशाला कोरड पडली. मी भलतीच खूश झाले.

तर आता मुळगुंदसर स्वतः पारख करायला आले होते. वय शहात्तर, बोटं लांब, नजर अधू, पण नाक तल्लख. त्यांची एक रीत होती. अत्तर अंगावर लावायचं, उघडू द्यायचं आणि मग वास घेऊन त्या माणसाची एक हकिकत सांगायची. सासऱ्याच्या अत्तराचा वास घेऊन म्हणाले, हा रोज पूजा करतो पण देवाला भीत नाही. पंतोजीचं अत्तर हुंगून म्हणाले, याच्या खिशात दुसऱ्याची पत्रं आहेत. हकिकत सुचली की अत्तर पास. कुंभोजकर मान डोलावत लिहून घेत होते.

कुंभोजकरांच्या मांडीवर प्रूफं होती, संध्याकाळी छापखान्यात जायची. चौथं अत्तर पास झाल्यावर त्यांनी प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद मला कौतुकानं वाचून दाखवला होता. चाळीस वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट सरांनी त्यात उघड केली होती. भानुमती कल्पनेतली नव्हे, ती मिरजेच्या कासार गल्लीतली द्वारका रामलिंग कासार, असं नावगावासकट लिहिलं होतं. आजवर मिरज कुजबुजत होती, आता पुस्तकच साक्ष देणार होतं आणि ते हुबळीलाही पोचणार होतं. मी चाचरत विचारलं, त्या बाईंची काही हरकत आली तर? सर म्हणाले, ती कुठली असायला आता. मी मूग गिळून बसले, आणि तेवढ्यात पडद्याआड ती काच वाजली होती.

"कुठं लावू?" मी सरांना विचारलं. मला वेळ काढायचा होता.

प्रश्न खोटा नव्हता. त्यांची दोन्ही मनगटं आणि दोन्ही कोपरांच्या खोबणी चार अत्तरांनी अडलेल्या होत्या. अत्तर बाटलीत कळत नाही, कातडीवर कळतं आणि दर कातडीवर निराळं उघडतं. एका जागी दुसरं लावलं की दोन्ही वाया. कुंभोजकरांना सर्दी होती आणि गळाभर पावडर. माझा हात तर कामाचाच नव्हता. लहानपणापासून तेलात बुडालेला, त्यावर काहीही लावा, दुकानाचाच वास येतो.

"तुमचा नकोच," सर म्हणाले. "माझाही नको. बाईचं अत्तर आहे, बाईच्या हातावर बघू. कोरा हात हवा. शेजारची कुणी असेल तर बोलवा."

मी उठले. शेजारची यास्मिन घरात होती, तिला हाक मारायचा अवकाश. तेवढ्यात पडदा सरला.

मावशीनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता आणि एक टोक हनुवटीवरून दातांत धरलं होतं. हात ओले होते. ते तिनं लुगड्याला पुसले आणि ती गादीच्या कडेला टेकली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"माझ्या हातावर लावा," ती म्हणाली. "म्या कधी अत्तर लावलेलं न्हाई."

ते खरं होतं. चाळीस वर्षं अत्तराच्या दुकानात काढून तिनं अंगाला थेंब लागू दिला नव्हता. कादंबरीतली भानुमती केवड्याचं अत्तर लावून नवऱ्याच्या उशाशी बसते. मावशीनं कधी मोगऱ्याचा फाया जरी कानात ठेवला असता तरी लोकांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं असतं. आणि तिचे हात सोड्याच्या गरम पाण्यात इतके धुतले गेलेले की अख्ख्या दुकानात त्याहून कोरी कातडी नव्हती.

मी म्हटलं, मावशी, तू राहू दे. सर म्हणाले, का, उत्तम आहे की. कुंभोजकरांनी सरकून जागा करून दिली. आता थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की तिचं नाव मीच त्यांच्या हातात दिलं असतं. तिनं उजवा हात पुढे करून मनगट वर केलं. मी काचेची काडी बुडवली आणि तेल लावलं.

धुराचा भपका उठला तसे कुंभोजकर मागे सरले. सरांचे डोळे चमकले, पण त्यांनी नाक पुढे केलं नाही. त्यांना रीत ठाऊक होती. पहिला भपका फसवा, अर्धा तास थांबायचं.

तो अर्धा तास मला आठवला की आजही बसवत नाही. सर बोलायच्या लहरीत होते आणि समोर ऐकायला नवा माणूस होता. ते मावशीला भानुमतीची गोष्ट सांगायला लागले. कसा उन्हाळा होता, खाली तो नवरा कसा पिवळा पडत चालला होता, ती कशी न बोलता जिन्याखालून जायची. मावशी ऐकत होती. मी मनात एकच घोकत होते, हिनं तोंड उघडू नये.

"तुम्ही दूध देताना बघितलंसा काय?" मावशीनं विचारलं.

"लेखकाला बघावं लागत नाही, बाई," सर हसून म्हणाले. "त्याला कळतं."

"कशावरनं कळलं?"

सरांनी तेही सांगितलं. नवरा गेला त्या सकाळी ते माडीवरून बघत होते. बायका ऊर बडवत होत्या आणि ही परसात भांडी घासत बसली होती. डोळ्यांत टिपूस नाही. एक पातेलं तर तिनं तीनतीनदा घासलं. तेव्हाच त्यांच्या मनात आलं, हिला काय धुऊन टाकायचं आहे. तिथून कादंबरी सुरू झाली, असं ते म्हणाले. कुंभोजकर भारावून गेले. हा प्रसंग प्रस्तावनेत घ्यायला हवा होता, असं त्यांना वाटलं.

मावशीनं दातांतला पदर आणखी घट्ट धरला.

अर्धा तास झाल्यावर सरांनी आधीचे वास जावेत म्हणून लोकरीचा तुकडा नाकाशी धरला आणि मग ते पुढे वाकले. मावशीनं हात गादीवर ठेवला होता. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. मान वर केली. पुन्हा घेतला, या खेपेला बराच वेळ. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे तेच आहे? बाटली बदलली नाही ना?"

मी म्हटलं, तुमच्यासमोरच लावलं.

"मग काहीतरी बिनसलंय. ही भानुमती नाही." त्यांनी परत हुंगून बघितलं. "धूर बसून गेला. केवडाही गेला. मागे राहिलंय ते... वाळ्यासारखं काहीतरी. ओल्या फडक्यासारखं. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात ना, तसं. या हातानं रात्रीच्या रात्री उशाशी बसून काढल्यात. नाही, नाही. या हातून कुणाला विष जाणार नाही. शक्यच नाही ते."

कुंभोजकरांनी सर्दीचं नाक लावून पाहिलं आणि तेही म्हणाले, खरंच, फार साधं वाटतंय. सर माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला होता. तीन खेपा झाल्या, अजून तुम्हाला ती बाई सापडत नाही, असं ते मला म्हणाले.

"सापडली की," मावशी म्हणाली.

तिनं पदर दातांतून सोडला. हनुवटीवरचं गोंदण आता हिरवट, पसरट झालं होतं, पण होतं. सरांनी चष्मा लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ओळख पटायला वेळ लागला नाही.

"मीच ती द्वारका," मावशी सांगायला लागली. आवाज एवढासासुद्धा चढवला नाही तिनं. "त्या दिवशी मी रडले न्हाई, खरं हाय. अकरा रात्री जागून काढल्या हुत्या, रडायला ताकदच न्हवती. आन् पातेलं घासत हुते त्यात त्यांनी ओकारी केली हुती. ते घासायला नको?"

सरांची नजर गादीवरच्या तिच्या हाताकडे गेली.

"दुधाचं सांगते. कावीळ झालेल्याला आमच्यात दूध देत न्हाईत. उसाचा रस देत्यात. दीड महिना त्या घरात दूध आलंच न्हाई. तुमचा सकाळचा चहा मीच वर पाठवायची. तो कोरा असायचा म्हणून तुम्ही जिन्यातनं कुरकुर करत हुतासा. आठवतंय काय बघा."

त्यांना आठवलं. ते म्हणाले नाहीत, पण मला दिसलं. त्यांचा खालचा ओठ लोंबला आणि ते एकाएकी फार म्हातारे दिसायला लागले. कुंभोजकरांनी प्रूफं उगाच नीट करायला घेतली.

"पण ती कादंबरी आहे," सर शेवटी म्हणाले. "कादंबरीत माणूस घ्यावा लागतो, बदलावा लागतो. मी तुमचं नाव कधी..."

"आता घालताय न्हवं. आतनं ऐकलं मी." मावशीनं हात त्यांच्यापुढे आणखी सरकवला. "कादंबरी तुमची ऱ्हाऊ द्या. हात माझा हाय. आत्ता त्याचा वास घेऊन जे बोललासा, तेवढंच लिहा."

मी पेन दिलं. सरांनी प्रस्तावनेचा तो परिच्छेद आडव्या रेघेनं खोडला. एकदा थांबले, मग समासात लिहायला लागले. लिहून झालं तशी मावशीनं कागद ओढून घेतला आणि दुसरीपर्यंत शिकलेली बाई वाचते तसं अक्षर अक्षर जुळवत मोठ्यानं वाचला. 'भानुमती माझ्या मनातली आहे. जिच्या घरी मी भाड्यानं राहत होतो त्या द्वारका कासार यांनी आपल्या पतीची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. त्या घरात दूध नव्हतं.' वाचून झाल्यावर तिनं त्यांना खाली सही करायला लावली.

नवी आवृत्ती तशीच निघाली. पेटीत चारच अत्तरं गेली. शकूनं हुबळीहून त्या पानाची छायाप्रत मागवून घेतली आणि चौकटीत लावली, असं मला पुढे कळलं. त्या पानानं कितीजणांची तोंडं बंद झाली ते मला सांगता येणार नाही. काहींची झाली.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. ते दोघं निघून गेले, त्यांची गाडी वळली, आणि मी मावशीला मिठी मारायला धावले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मी म्हणत होते, मावशी, तू कमाल केलीस, तू त्याला पुरतं लोळवलंस.

तिनं मला अंगाला लागू दिलं नाही. मोरीशी जाऊन ती मनगट सोड्याच्या पाण्यात धुवायला लागली. मी मागे उभी राहिले. मी म्हटलं, मी तुला सांगणार होते.

"कधी?" तिनं विचारलं.

मी खुंटीवरचं फडकं काढून तिच्यापुढे धरलं.

"त्या मास्तराला मी कोण ते ठावंच न्हवतं, मेहरू," ती पाठमोरीच म्हणाली. "जिन्याखालनं जाताना दिसायची तेवढीच. त्यानं लिवलं ते न कळता लिवलं. तू माझ्या हातनं जेवलीस. तुला सगळं ठावं हुतं. आन् तीन म्हैने बसून तू मला काळी करत हुतीस. एकदा पुरी झाली न्हाई म्हणून परत केलीस, त्यानंबी भागलं न्हाई म्हणून आणखी केलीस. मी बाटल्या धूत हुते, परत आलेल्या बाटल्यांवरचं भानुमतीचं नाव मला वाचता येत हुतं, वासबी येत हुता."

तिनं हात पुसला, पुढच्या दुकानात गेली आणि भानुमतीची ती बाटली उचलून घेऊन आली. बाटली अजून जवळजवळ भरलेलीच होती. तिनं ती मोरीच्या कट्ट्यावर माझ्यासमोर ठेवली. आवाजात राग नव्हता, रोज विचारते तसंच तिनं विचारलं.

"ही धुऊ, का ठिवू?"

इतकं चांगलं अत्तर मी त्याआधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही मला जमलेलं नाही. मी धू म्हटलं. पण लगेच नाही म्हणता आलं मला, आणि तेवढा वेळ मावशी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.